जोडणी तुटली कोठे?

शाळेच्या गच्चीवर पाऊस आणि तापमान मोजणारे एक यंत्र बसवले आहे, अशी कल्पना करा. यंत्रातील रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक दर दहा मिनिटांनी पायथन भाषेतील एक स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट मोजमाप घेते आणि प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावरच्या माहितीसाठ्यात, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, एक ओळ भरते. जुलैतील एका रात्री वीज जाते, पुन्हा येते. आणि सकाळी पाहावे तो पहाटेच्या मुसळधार पावसाची एकही नोंद नाही! पडद्यावर इंग्रजीतील एक लांबलचक तक्रार तेवढी आहे. जोडणी होऊ शकली नाही, असा तिचा भावार्थ.

अशा वेळी पुष्कळ जण पासवर्ड बदलतात, फायरवॉल बंद करतात आणि डेटाबेस पुन्हा बसवतात. तेही सारे एकदम. त्याने कधी कधी काम सुरू होतेही. पण बिघाड कोठे होता हे कळत नाही आणि फायरवॉल मात्र उघडीच राहून जाते. दिवा लागला नाही म्हणून आपण घरातील सगळ्या तारा उपटत नाही. टेस्टर घेऊन वीज कोठवर पोहोचली आहे ते पाहतो. येथे टेस्टरचे काम ती लांबलचक तक्रारच करते. फक्त ती नीट वाचावी लागते.

एखाद्या मोठ्या वाड्यात चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलाची गोष्ट डोळ्यांपुढे आणा. प्रथम त्याला वाडा सापडला पाहिजे. मग ठरलेल्या खोलीचे दार कोणीतरी उघडले पाहिजे. त्यानंतर आतल्या माणसाने त्याला ओळखले पाहिजे. संगणकांच्या जाळ्यात वाड्याच्या जागी आयपी पत्ता असतो आणि खोलीच्या जागी पोर्ट क्रमांक. मायएसक्यूएलची नेहमीची खोली ३३०६, तर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची ५४३२.

आता नकाराचे प्रकार पाहू. तक्रारीत 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे शब्द किंवा लिनक्सवर १११ हा आकडा असेल, तर संदेश कोणत्या तरी संगणकापर्यंत पोहोचला आणि तेथून लगेच 'नाही' असे उत्तर आले. वाडा सापडला, पण त्या खोलीत कोणी नाही. बहुधा डेटाबेसचा सर्व्हर सुरूच झालेला नसतो, किंवा तो केवळ स्वतःच्या संगणकावरून येणाऱ्या हाकांनाच ओ देतो. उबुंटूवर मायएसक्यूएल बसवले की सुरुवातीस तो १२७.०.०.१ या आपल्याच पत्त्यावर कान देऊन असतो. बाहेरच्याने कितीही दार ठोठावले तरी व्यर्थ. आणखी एक शक्यता आपल्या उदाहरणात फार महत्त्वाची आहे. वीज गेल्यावर राउटरने संगणकांना नवे पत्ते वाटले असतील, तर स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला जुना पत्ता आता भलत्याच संगणकाचा असू शकतो. नकार खरा, पण तो शेजारच्या वाड्यातून आलेला!

'टाइम्ड आउट' ही याहून निराळी गोष्ट होय. येथे उत्तरच येत नाही. वाटेतील एखादी फायरवॉल संदेश मुकाट्याने गिळते, किंवा त्या पत्त्यावर कोणीच नसते. म्हणून नकार किती वेळाने आला, याकडेही लक्ष ठेवा.

तिसरा प्रकार 'ॲक्सेस डिनाइड', क्रमांक १०४५. हा पाहून विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात. खरे तर ही आनंदाची बातमी आहे! वाडा सापडला, दार उघडले, सर्व्हर बोलला. आता फायरवॉलला हात लावण्याचे काही कारण नाही. याच ओळीच्या शेवटी 'यूझिंग पासवर्ड : नो' असे आढळले, तर पासवर्ड चुकलेला नसून तो पाठवलाच गेलेला नाही. शिवाय मायएसक्यूएल वापरणाऱ्याच्या नावासोबत तो कोणत्या संगणकावरून आला हेही पाहतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील संगणकावर बसून चालणारे नाव गच्चीवरून चालेलच असे नाही.

काही नकार उशिरा उमटतात. जोडणी उघडी ठेवून केवळ पाऊस आल्यावर नोंद करणारी स्क्रिप्ट असेल, तर कोरड्या दिवसानंतर तिला 'सर्व्हर गेला' असे ऐकावे लागते. मायएसक्यूएल गप्प बसलेली जोडणी सामान्यतः २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, तोडतो. उपाय सोपा आहे : लिहिण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे का ते पाहावे, नसल्यास नवी करावी.

हे सर्व निदान ज्या ओळीवर अवलंबून आहे, ती ओळच काही स्क्रिप्ट गिळून टाकतात. कोणतीही चूक झाली की 'काहीतरी बिघडले' एवढेच छापायचे, ही सवय मला फार वाईट वाटते. मूळ तक्रार वेळेसह एका फाइलमध्ये उतरवा. मोजमापही त्याच वेळी रास्पबेरी पायच्याच कार्डावर लिहून ठेवा, म्हणजे जोडणी सुधारल्यावर ते डेटाबेसमध्ये भरता येईल. पहाटेचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

एक प्रयोग करून पाहा. चालू स्क्रिप्टमध्ये मुद्दाम एकेक चूक घाला : आधी पासवर्ड बदला, तो पूर्ववत करून पोर्ट ३३०७ लिहा, मग पत्ता १९२.०.२.१ द्या. हा पत्ता पुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे. तेथे कोणीही राहत नाही. प्रत्येक वेळी तक्रारीचे शब्द आणि लागलेला वेळ वहीत नोंदवा. पहिले दोन नकार बहुधा क्षणात येतील. तिसऱ्या वेळी पायथनची जोडणी साधारण १० सेकंदांत कंटाळेल. तिची ही मर्यादा वाढवून ३०० केलीत, तर खाली बसलेल्या लिनक्सचा धीर दिसेल. त्याच्या अनेक आवृत्त्या पहिल्या हाकेनंतर १ सेकंद थांबतात, मग २, ४, ८ असा थांबा दुप्पट करत एकूण सात हाका मारतात आणि १२७ व्या सेकंदाला नाद सोडतात. घड्याळ जवळ ठेवा, आणि तुमच्या संगणकावर किती सेकंद लागतात ते पाहा.