तंजावूरचे भात आणि तपकिरी तुडतुडा

कावेरीच्या पाण्यावर तंजावूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी कुरुवै व ताळडी ही भातपिके लागोपाठ घेतली जातात. खोडाचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्याला त्यामुळे दीर्घकाळ अन्न मिळते आणि पीक जागोजागी जळाल्यासारखे वाळते. बेसुमार फवारणीने त्याचे शत्रू असलेले कोळी मरतात. पर्णकोषातील अंडी मात्र वाचतात. शिवाय विष पचविणारे मोजके तुडतुडेच वंश वाढवितात. म्हणजे निवड औषधच करते! प्रतिकारक्षम वाणांचेही तेच. फिलिपाइन्समध्ये १९७३ साली प्रसृत झालेल्या 'आय. आर. २६' या वाणावर पोसणारे तुडतुडे दोन-तीन वर्षांतच तेथे पसरले. भारतीय तुडतुड्यांपुढे तर त्या वाणाची प्रतिकारशक्ती प्रथमपासूनच निष्प्रभ होती.