फेलओव्हरचे सेकंद

2006 साली व्हीएमवेअरची ‘एचए’ सोय आली तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला. होस्ट बंद पडला तरी त्यावरचे व्हर्च्युअल मशीन क्लस्टरमधल्या दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू होऊ लागले. पण आपोआप म्हणजे लगेच नव्हे. साधारण पंधरा सेकंद हार्टबीट, म्हणजे होस्ट जिवंत असल्याचा संकेत, आली नाही, की होस्ट गेला असे धरले जाई. त्यानंतर मशीन बूट होणार, डेटाबेस आपले लॉग तपासणार, मग कुठे लॉगिनचा पडदा दिसणार. यात मिनिटे जात. म्हणून हार्टबीटचे आकडे खाली आणण्याची धडपड मला कधीच पटली नाही. वेळ खाणारी जागा पुढे होती.

झेन या हायपरवायझरच्या अभ्यासकांनी 2005 मध्येच चालू क्वेक गेमचा सर्व्हर अवघ्या 60 मिलिसेकंदांच्या खंडात हलवून दाखवला होता. मात्र त्यासाठी जुना होस्ट जिवंत लागतो. मेलेल्या होस्टची मेमरी आणायची कुठून? ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ‘रेमस’ने 2008 मध्ये याला सुंदर उत्तर दिले: मशीनची स्थिती सेकंदाला चाळीस वेळांपर्यंत दुसऱ्या होस्टवर उतरवायची, आणि ती पोहोचल्याची खात्री होईपर्यंत बाहेर जाणारे पॅकेट रोखून धरायचे. बूट करण्याचा प्रश्नच मिटला. किंमत होती ती प्रत्येक उत्तरामागच्या विलंबाची. असेच बूट टाळणारे व्हीएमवेअरचे ‘फॉल्ट टॉलरन्स’ 2009 मध्ये आले ते एकाच व्हर्च्युअल सीपीयूपुरते. चारपर्यंत जायला 2015 उजाडले.

घाईची किंमत 2018 च्या ऑक्टोबरात गिटहबने मोजली. नेटवर्क तुटले 43 सेकंद. तेवढ्यात यंत्रणेने डेटाबेसचे प्रमुखपद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला नेले. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी राहिल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली. विंडोज सर्व्हर 2016 ने तर त्याआधीच संपर्क तुटलेल्या नोडवरच्या मशीनला चार मिनिटांची मुदत देऊ केली होती. क्षणभर तुटलेल्या नेटवर्कसाठी चालते मशीन पाडून पुन्हा उभे करणे जास्त महाग पडते, हे ओळखून घेतलेला तो निर्णय मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत शहाणा वाटतो.

तुमच्याकडे क्लस्टर असेल तर वेळ ठरवून, सर्वांना कळवून, एका होस्टची वीज काढा. घड्याळ मात्र मशीन सुरू झाल्यावर थांबवू नका. वापरणाऱ्याचे काम पुन्हा सुरू होईपर्यंत चालू ठेवा.