मटकी व संत्र्याची कोशिंबीर : कृती आणि दक्षता

शालेय पोषण आहाराचा हेतू केवळ भूक भागविणे हा नव्हे. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास या आहारातून दररोज 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. खिचडीसोबत मोड आलेली मटकी व संत्रे यांची कोशिंबीर दिल्यास या आहाराचा गुण वाढतो. मटकीत लोह असते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. संत्र्यातील ‘क’ जीवनसत्त्व त्या कामी साहाय्य करते. हे जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट होते. म्हणून संत्रे कच्चेच घालावे लागते. शिजविलेल्या अन्नातील जंतू अग्नी मारतो. कच्च्या फळास मात्र पाणी, हात व सुरी यांच्या स्वच्छतेचाच आधार असतो.

दहा मुलांसाठी पाव किलो मटकी रात्रभर भिजवावी व स्वच्छ फडक्यात बांधून मोड आणावेत. ज्या उबेत व ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात. यास्तव मटकी दहा मिनिटे चांगली वाफवून घ्यावी. संत्री सालीसकट धुवावीत, कारण सालीवरील मळ सोलताना गरास लागतो. मग फोडींतील बिया काढून त्या थंड मटकीत मिसळाव्यात. मीठ व लिंबू घालावे. कोशिंबीर ऐनवेळी कालवावी व दोन तासांच्या आत संपवावी.

घरी याच रीतीने कोंबडीचे मांस व फळे यांची कोशिंबीर करता येते. मात्र तेथे दक्षता अधिक हवी. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर व भांड्यांवर पसरतात. मांस आतपर्यंत शिजवावे. गुलाबी भाग राहू देऊ नये. कच्च्या मांसाची सुरी व पाट साबणाने धुतल्यावाचून फळास लावू नयेत.

अग्नीने सर्वच दोष जातात, असेही नाही. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेचे जेवण घेतल्यावर 23 बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. अन्न शिजले, विष मात्र कायम राहिले. वाशिम जिल्ह्यात सोयाबीन, तूर व कपाशी यांवरील फवारणीची औषधे घरोघरी असतात. त्यांचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी तेल, पाणी वा धान्य यांसाठी कदापि वापरू नये.

वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घ्यावयाची असते. त्या घासास वेगळा वास वा कडवटपणा जाणवल्यास पंगत तत्काळ थांबवावी; अन्न वाया जाईल, या विचाराने क्षणभरही थांबू नये.