मच्छरदाणी घरांत, लेंकरूं बाहेर

वाशीम जिल्ह्यांत मच्छरदाणी ही आतां अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. परंतु ती घरांत असणें आणि तींत लहान मूल निजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डांसामुळें हिंवताप पसरतो हें रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस केलेल्या शोधानें उघड झालें. पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या अंगीं या तापाशीं झगडण्याची शक्ति पुरती आलेली नसते. त्याचा घातक प्रकार मेंदूपर्यंत पोंचला म्हणजे थोड्याच दिवसांत जिवावर बेततें. म्हणून घरांत एकच मच्छरदाणी असेल, तर तिच्यावर पहिला हक्क मुलाचा व त्याच्या आईचा.

प्रत्यक्षांत तसें कां घडत नाहीं? एक कारण जागलीचें. रानडुकरें व रोही यांच्या भयानें घरधनी वावरांत निजावयास जातो आणि मच्छरदाणी त्याच्या घोंगडीबरोबर जाते. त्यास ती नको असें आम्ही म्हणत नाहीं. डांस वावरांतही चावतो. परंतु त्याच्यासाठीं दुसरी घ्यावी.

याहून मोठें कारण वेळेचें आहे, आणि तें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हिंवतापाचा डांस दिवेलागणीनंतर रात्रभर चावतो. मूल दोन घांस खाऊन ओसरीवरच पेंगतें. आई भाकरी थापीत असते. मच्छरदाणी मात्र मोठीं माणसें निजतांना सोडली जाते. तोंपर्यंत चाव घेऊन झालेला असतो. दिवा लावतांनाच ती बांधून मुलास आंत निजवावें. मूल जमिनीवर निजत असल्यास तिची कड गोधडीखालीं चारी बाजूंनीं दाबावी. मोकळी कड म्हणजे डांसास उघडें दारच.

कांहींजण म्हणतात, औषध लाविलेली मच्छरदाणी लेंकरास बाधेल. नवी मच्छरदाणी एक दिवस सावलींत उघडून वाऱ्यावर टांगली म्हणजे वास व चुणचुण कमी होते. पुढें ती साध्या साबणानें धुवून सावलींतच वाळवावी. उन्हानें औषधाचा जोर जातो. अशी मच्छरदाणी सुमारे २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षें उपयोगी पडते. ती ओढ्यांत मासे धरण्यास नेऊं नये. तें औषध माशांस विष आहे.

उन्हाळ्यांत आंत गुदमरतें ही तक्रार खरी आहे. त्या दिवसांत अंगणांतील बाजेच्या चार पायांस बांबू बांधून त्यांवर मच्छरदाणी सोडावी, म्हणजे वारा लागतो.

राहिला दिवस. डेंग्यूचा डांस उजेडीं चावतो आणि घरांतील रांजण, हौद व टाक्यांच्या सांठविलेल्या पाण्यांत वाढतो. निंदणीस आलेल्या मजूर बाया धुऱ्यावरील झाडास झोळी बांधून मूल तींत निजवितात. त्या झोळीवर पसरावयास एक लहान जाळी वावराच्या मालकानें ठेवावी. खुरपीं व दोर यांच्या खर्चांत तिचा भार कळणारही नाहीं.