जुना पूल म्हणजे जुनं लाकूड का?

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. आजोबांच्या बैलगाडीची चाकं वडिलांनी बदलली. पुढे मुलानं जू बदललं, मग साटाही नवा केला. आता ती गाडी आजोबांचीच म्हणायची का? वर्गाचे बहुधा दोन तट पडतील. जुने लाकडी पूल वारसा म्हणून जपायचे की पाडायचे, या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. त्यासाठी आपण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातले रस्त्यावरचे पूल पाहू.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा आरंभ या काळात तिथे चारशेहून अधिक लाकडी कैचीचे पूल बांधले गेले. लोखंड इंग्लंडहून बोटीनं यायचं, ते महाग पडायचं. उलट आयर्नबार्कचं घट्ट, टिकाऊ लाकूड तिथल्या जंगलातच होतं. हा वृक्ष आपल्या ओळखीच्या निलगिरीच्याच कुळातला.

कैची आपल्यालाही परकी नाही. जुन्या कौलारू शाळेत मान वर करून पाहिलं, की छपराखाली वाशांचे त्रिकोण दिसतात. त्रिकोणच का? पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. एका कोपऱ्याला ढकललं, की तो कलतो. कर्णावर पाचवी पट्टी टाचली, की हलत नाही. आता त्या पट्टीऐवजी दोरा बांधा. एका बाजूनं ढकललं तर दोरा ताणला जातो आणि चौकोन टिकतो. उलट बाजूनं ढकललं, की दोरा सैल पडतो आणि चौकोन कलतो. म्हणजे कैचीतल्या काही भागांवर दाब येतो, तर काहींवर ताण. ताणाच्या भागाला दोराही चालतो, दाबाच्या भागाला मात्र ताठ पट्टीच लागते.

लाकूड दाब चांगला सोसतं. ताणही सोसतं, पण ताणाखालचा सांधा पक्का करणं अवघड असतं. म्हणून अमेरिकेत विल्यम हाउ यांनी 1840 मध्ये तिरके वासे लाकडाचे आणि उभे गज लोखंडाचे अशी विभागणी केली. लाकूड सुकून आकसलं, की गजांचे नट आवळायचे आणि कैची पुन्हा घट्ट करायची.

न्यू साउथ वेल्समधले अभियंते पर्सी ॲलन यांनी 1890 च्या दशकात याच तत्त्वावर नवी कैची आखली. सिडनी विद्यापीठात प्राध्यापक वॉरन यांनी स्थानिक लाकडांच्या ताकदीच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यामुळे वाशाची जाडी अंदाजानं न ठरवता हिशेबानं ठरवता आली. ॲलन यांची खरी हुशारी आणखी एका गोष्टीत होती. मुख्य भागांसाठी त्यांनी एका जाड तुळईऐवजी दोन तुळया शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये फट राखून.

या फटीचे दोन फायदे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातलं पाण्याचं प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिलं, तर तिचं फारसं चालत नाही. फटीतून वारा खेळतो, आतून रंगही देता येतो. दुसरा फायदा असा, की एक तुळई खराब झाली तर जोडीदारावर भार ठेवून ती काढता येते. नदीत आधाराचे खांब न रोवता पुलाची दुरुस्ती होते. म्हणजे हे लाकूड कधीतरी बदलावं लागणार, हे आराखड्यातच गृहीत धरलेलं होतं.

अशा दोन पुलांची गोष्ट पाहू. वागा वागा गावी मरमबिजी नदीवर 1895 मध्ये हॅम्पडेन पूल झाला. त्याचे तीन मुख्य गाळे प्रत्येकी सुमारे 33 मीटरचे होते. 1995 मध्ये त्याच्यावरची वाहनं बंद झाली. 2006 मध्ये त्याचा काही भाग खचला आणि 2014 मध्ये पूल पाडण्यात आला. शंभर वर्षं रहदारी पेलणारा पूल, पण ती थांबल्यावर वीस वर्षंही टिकला नाही.

सिडनीचा पिरमाँट पूल 1902 चा. मधला भाग पोलादी, विजेवर फिरून जहाजांना वाट देणारा. दोन्ही अंगांना ॲलन कैचीचे लाकडी गाळे. 1981 मध्ये तोही वाहनांसाठी बंद झाला आणि पाडायचंही ठरलं होतं. पण निर्णय फिरला, डागडुजी झाली आणि 1988 पासून तो पादचाऱ्यांसाठी खुला झाला. रोजचा वापर असल्यानं देखभालही चालू राहिली.

मग वारसा नेमका कशात? जपानमधल्या नारा इथं 1994 मध्ये वारसातज्ज्ञांनी यावर एक निवेदन तयार केलं. वास्तूचं अस्सलपण केवळ मूळ सामानात नसतं. रचना, कारागिरी, उपयोग आणि परिसर यांतही असतं, असं त्यात मानलं आहे. ॲलन यांच्या पुलाला ही कसोटी नेमकी लागू पडते. तुळई बदलली म्हणून तो खोटा ठरत नाही. पण फट बुजवून तिथे एकसंध पोलादी तुळई बसवली, तर बाहेरून तसाच दिसूनही त्यातला विचार जातो, असं आम्हाला वाटतं. अर्थात आजच्या जड मालमोटारींसाठी प्रत्येक जुना पूल राखता येणार नाही. म्हणूनच कोणते राखायचे हे ठरवताना, पुढची देखभाल कोण आणि कशी करणार हेही त्याच वेळी ठरायला हवं.

आसपास जुनी कौलारू शाळा किंवा वाडा असेल, तर मुलांना तिथली कैची दाखवा. दाब कुठे आहे, ताण कुठे, कोणता वासा नंतर बदललेला दिसतो, याची आकृती त्यांना काढू द्या. मग बैलगाडीचा प्रश्न पुन्हा विचारा.