रॅकचे स्क्रू कसे निवडावेत

गावात इंटरनेट हवे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पण ही केबल पंचायतीच्या, शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या खोलीत येऊन पोहोचली, की तिथली यंत्रे एका लोखंडी सांगाड्यात बसवावी लागतात. या सांगाड्याला रॅक म्हणतात. आणि काम अडते ते बहुधा यंत्रापाशी नव्हे, चार स्क्रूंपाशी!

आपण म्हणाल, स्क्रूचे ते काय एवढे? चंद्रपुरात चुकीचा स्क्रू आणला, तर सायकलवर टांग मारून दुकानात परत जाता येईल. पण गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुराने तुटल्याचे तर तिथल्या लोकांनी कितीतरी पावसाळ्यांत पाहिले आहे. अशा ठिकाणी एका स्क्रूपायी दाखल्यांचे काम चार दिवस खोळंबू शकते. म्हणून निघण्यापूर्वीच नीट पाहून घेतलेले बरे.

आधी रॅकचे माप समजून घेऊ. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असते. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या काळापासून चालत आले आहे. उंची 'यू' या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. प्रत्येक यूमध्ये उभ्या ओळीत तीन भोके असतात. ती सारख्या अंतरावर असतील असे वाटते ना? तसे नसते. यूच्या आतल्या भोकांमध्ये १५.९ मिलिमीटर अंतर असते, तर एका यूचे शेवटचे भोक आणि पुढच्या यूचे पहिले यांत फक्त १२.७. म्हणजे जवळजवळ असलेल्या दोन भोकांच्या मधोमध यूची हद्द. ही खूण चुकली, की यंत्राची भोके काही केल्या जुळत नाहीत.

आता भोकाचा आकार पाहा. भोक गोल असून आत आटे पाडलेले असतील, तर स्क्रू थेट बसतो. भोक चौकोनी, सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे असेल, तर त्यात केज नट लागतो. पत्र्याच्या लहानशा पिंजऱ्यात अडकवलेली चाकी, असे त्याचे रूप. तो पट्टीच्या आतल्या बाजूने बसवावा. मग स्क्रू आवळला, की चाकी पत्र्याकडे ओढली जाऊन घट्ट बसते. बाहेरून बसवला, तर सारा भार पिंजऱ्याच्या नाजूक पायांवर येतो.

खरी फसगत होते ती आट्यांत. एम-६ म्हणजे ६ मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर. एम-५ म्हणजे ५ मिलिमीटर व्यास आणि ०.८ अंतर. परदेशी रॅकमध्ये इंची मापाचा दहा-बत्तीस स्क्रूही भेटतो. त्याचा व्यास ४.८३ मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. हा स्क्रू एम-५ च्या चाकीत सहज फिरतो. म्हणून माणूस समजतो, बसला एकदाचा! पण तो सैल असतो, आणि वजन पडले की आटे झिजून निसटतो. नुसत्या नजरेवर विसंबू नये. रॅकमधला एक नट आणि एक स्क्रू नमुन्यादाखल खिशात घालून दुकानात जावे, हा सर्वांत साधा उपाय.

यंत्राच्या दोन्ही बाजूंना जे लोखंडी कान लावतात, त्यांचे स्क्रू मात्र वेगळे आणि आखूड असतात. यंत्रासोबत आलेलेच वापरावेत. लांब स्क्रू आतल्या भागांना टेकून यंत्र बिघडवू शकतो. आणि बॅटरीसारखी जड वस्तू नुसत्या कानांवर टांगू नये, तिच्याखाली फळी द्यावी.

तेव्हा रॅकचे काम असेल, तर मापे लिहिलेल्या छोट्या पिशवीत चार-सहा नट आणि स्क्रू जास्तीचे ठेवावेत. त्यांना खर्च फार नाही. परत फिरण्याला मात्र आहे, आणि तो गावाला सोसावा लागतो.