आतड्याचा दाह आणि उपकारक जीवाणू
शौचातून रक्त, वारंवार जुलाब, पोटात कळ ही अल्सरेटिव्ह कोलायटिसची लक्षणे होत. १९१७ साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी, साथीतही जुलाब न झालेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय जीवाणूचा निरुपद्रवी प्रकार वेगळा केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ३२७ रुग्णांच्या चाचणीत, शमलेला आजार पुन्हा उलटू नये यासाठी तो मेसालाझिन या औषधाइतकाच उपयोगी ठरला. क्रोन्स आजारात मात्र असा गुण सिद्ध झालेला नाही. घरचे ताक चांगलेच, पण त्यात हा जीवाणू नसतो. म्हणून समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना आमची कळकळीची विनंती आहे की, रक्त दिसताच मूळव्याध समजून लपवू नये आणि ऐकीव गोष्टीवर विसंबून चालू औषध सोडू नये. तपासून, पटल्यावरच स्वीकारा, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण औषधालाही लागू आहे.